ओसरीवरील कपाट

जालना जिल्ह्यांतील आमच्या टेंभुर्णी गांवीं जुन्या घराची ओसरी धड घरांत नसते व धड बाहेरही नसते. वैशाखांत तेथें झळा लागतात, श्रावणांत पावसाची तिरपी सर आंत येते. अशा जागीं पांच वर्षांपूर्वीं आम्हीं सागवानी कपाट करविलें. सुतार म्हणाले, "गुरुजी, दाराची मधली फळी खोबणींत मोकळी राहूं द्या." आम्हांस तो कामचुकारपणा वाटला. आम्हीं ती फळी सरस व खिळे लावून पक्की करविली. उन्हाळ्यांत ती मधोमध उकलली. पावसाळ्यांत दार फुगून जें बसलें, तें दिवाळीस उघडलें. आंत तीर्थरूपांच्या हस्ताक्षरांतील तीन पोथ्यांस बुरशी व वाळवी लागली होती. दोष सुतारांचा नव्हे, आमचा.

लाकूड कापल्यावरही हवेंतील ओलावा घेतें व टाकितें. त्यामुळें तें लांबींत फारसें बदलत नाहीं, रुंदींत बदलतें. फूटभर रुंद सागाची फळी दोन ऋतूंमध्यें सूत-दीड सूत कमीअधिक होऊं शकते. तिला जागा न दिल्यास ती स्वतः फुटते किंवा चौकट फोडते.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांस योग्य वृक्ष सांगतांना शाक म्हणजे साग, शिंशपा म्हणजे शिसवी, आणि आमच्या गांवच्या नांवाशीं नातें सांगणारी तिंदुकी, यांची गणना केली आहे. तथापि सागाचाही तांबूस गाभाच टिकतो. कडेचें पांढरें लाकूड वाळवी खाते. तें घेऊं नये.

यंदा सुतारांच्या सांगण्याप्रमाणें नवें कपाट केलें. चौकटीच्या खोबणींत फळीच्या दोन्ही बाजूंस सूतभर जागा सोडली. तेथें सरस लावला नाहीं. पाय दगडी ठोकळ्यांवर ठेवून तळ जमिनीपासून सहा इंच व पाठ भिंतीपासून दोन इंच दूर ठेविली. म्हणजे वाळवीची मातीची वाट दृष्टीस पडते व हवा खेळते. माथा पुढें उतरता व दारांच्या बाहेर आलेला असून त्याच्या खालच्या कडेस बारीक खोबण आहे. पाणी तेथेंच ठिबकतें, दाराकडे वळत नाहीं. बिजागऱ्या व स्क्रू पितळी आहेत. आंतबाहेर बेलतेलाचे हात दिले. फळ्यांच्या टोंकांस अधिक, कारण लाकूड तेथूनच सर्वांत जास्त पाणी पितें. प्रतिवर्षीं मृगापूर्वीं एक हात पुन्हां द्यावा. मात्र तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकूं नयेत. त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवाव्या.

तीनपैकीं दोन पोथ्या वांचल्या. तिसरीचीं जीं पानें लागतात, तीं आमची नात उतरून घेत आहे. भर श्रावणांत नव्या कपाटाचें दार ती एका हातानें उघडते. चाळीस वर्षें आम्हीं मुलांस ऐकावयास शिकविलें. स्वतः ऐकावयास मात्र एक पोथी गमवावी लागली.