तापलेल्या लॅपटॉपचा हिशेब

लॅपटॉप घेतलेला असतो मुलाच्या खेळांसाठी, पण हळूहळू दुकानाची खातीही त्यावरच येतात, अशी स्थिती आज अनेक व्यापारी घरांत आढळते. दिवसा त्यावर टॅलीच्या नोंदी होतात, रात्री मोटारींच्या शर्यती रंगतात. मग भर वैशाखात, नेमक्या 20 तारखेस, जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरावयाचे असताना पंखा घोंगावू लागतो, स्क्रीन थिजते आणि यंत्र आपोआप बंद पडते. वडील खेळांना दोष देतात, मुलगा उन्हाळ्याला. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते.

साध्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा 45 ते 65 वॅटचा असतो. गेमिंग लॅपटॉपचा 180 ते 330 वॅटपर्यंत. यंत्रात शिरलेल्या जवळजवळ सर्व विजेची अखेर उष्णताच होते. ती तांब्याच्या नळ्यांमधून कडेच्या पातळ पात्यांपर्यंत पोहोचते आणि पंखे तिला बाहेर फेकतात. प्रोसेसरचे तापमान सुमारे 95 ते 100 अंशांवर गेले की तो स्वतःच आपली गती कमी करतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र बंद होते. हे बंद पडणे म्हणजे यंत्राने केलेला स्वतःचा बचाव होय.

त्यामुळे पहिला प्रश्न हवेच्या वाटेचा. बहुतेक लॅपटॉप तळाकडून हवा घेतात. गादीवर किंवा उशीवर ठेवताच ती वाट बंद होते. कापडाच्या दुकानात तर सुताचे तंतू पात्यांत साचून नमद्यासारखा थर तयार होतो. खोलीचे तापमान 25 ऐवजी 40 अंश असेल, तर आतील भागही साधारण तेवढेच अधिक तापतात.

उपायांचा आरंभ बिनखर्चाच्या गोष्टींपासून करावा. यंत्र टणक टेबलावर ठेवून मागची बाजू दोन बोटे उचलावी. खेळात प्रतिसेकंद 144 चित्रांऐवजी 60 ची मर्यादा घालावी. भार लक्षणीय उतरतो. खात्यांच्या कामासाठी पूर्ण शक्तीची गरजच नसते, तेव्हा शांत अथवा संतुलित मोड निवडावा. सफाई करताना यंत्र बंद करून चार्जर काढावा आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते काडीने धरून ठेवावे, अन्यथा ते अतिवेगाने फिरून बिघडू शकते. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरील उष्णतावाहक पेस्ट सुकलेली असू शकते. ती जाणकार कारागिराकडून बदलून घ्यावी.

एका लक्षणाकडे मात्र कदापि दुर्लक्ष करू नये. टचपॅड वर उचलला गेला, तळ फुगला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर आतील लिथियम बॅटरी फुगल्याचा संशय घ्यावा. सततची उष्णता आणि नेहमी शंभर टक्के चार्ज राहणे, दोन्ही बॅटरीस मारक. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करावे, चार्जिंग थांबवावे, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि दुरुस्ती केंद्राकडे सोपवावी. ज्यांचा लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच जोडलेला असतो, त्यांनी सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवावी.

आणि खात्यांची प्रत? ती रोज सायंकाळी दुकान वाढवताना वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी. यंत्र पुन्हा विकत मिळते. वर्षभराची उधारी कोणाकडे किती, हे विकत मिळत नाही.

मुलाचा लॅपटॉप काढून घेण्याने यातले काहीच साधत नाही. त्याच्याकडेच महिन्याच्या सफाईचे आणि रोजच्या प्रतीचे काम सोपवावे. ज्या हातांनी यंत्र तापते, त्याच हातांना ते थंड ठेवण्याची जबाबदारी मिळाली, की 20 तारखेची दुपारही शांततेत पार पडते.