चूल आणि चव : कढ न आलेले कालवण

दिवाळी अंकात चकलीच्या भाजणीऐवजी माशाविषयी लिहायचे, आणि तेही औशाहून, म्हणजे वाचकांच्या भुवया वर जायच्याच. औसा कुठे, समुद्र कुठे! आमच्याकडे पाहुण्यांना दाखवायला भुईकोट किल्ला आहे. पापलेट येते ते बर्फाच्या पेटीतून, प्रवासाच्या साऱ्या खुणा अंगावर वागवीत. मग काळा मसाला आणि तेलाचा तवंग यांखाली त्याचे वय झाकणे ओघानेच आले.

पण मासा म्हणजे समुद्राचाच, ही समजूत किनाऱ्यावरच्या मंडळींची. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, औशाहून फार दूर नाही. गळ टाकण्याच्या खेळाचे त्यात सविस्तर वर्णन आहे, आणि माशाचे तुकडे स्वच्छ धुऊन चिंचेच्या पाण्यात शिजवण्याची कृतीही.

ही चिंच उगाच नाही. नदीतळ्याच्या माशाला चिखलाचा वास येतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तो वास पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. आंबटाने ते द्रव्य मोडते. राजाच्या आचाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण त्याची जीभ शाबूत होती.

आमच्या तालुक्यातून तेरणा वाहते, ती पुढे मांजरेला मिळते. मरळ आणि वाम इकडच्याच. राहू आणि मृगळ उत्तरेकडच्या नद्यांतले. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन अशा माशांची वीण तळ्यात घडवून आणली आणि पुढे त्यांचे बीज देशभरच्या तलावांत पडू लागले. तरी माझे मत मरळीलाच. काटे कमी, म्हणून मुलांच्या ताटात निर्धास्त वाढता येते.

माघ-फाल्गुनात बाजारात सोलाणे, कोवळा मुळा, गाजरे आणि पातीचा कांदा येतो, तेव्हा रात्रीच्या जेवणाला हे करून पाहावे. अर्धा किलो मरळीच्या तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून पाव तास ठेवावे. पसरट पातेल्यात चमचाभर तेलावर जिरे, ठेचलेला लसूण आणि पातीचे पांढरे कांदे परतावे. गाजर-मुळ्याच्या चकत्या, वाटीभर सोलाणे आणि दोन वाट्या पाणी घालून भाजी शिजत आणावी. आता आच अगदी मंद करून तुकडे एका थरात मांडावेत आणि वर झाकण ठेवावे.

खरी कसोटी इथे आहे. मराठीत पाण्याला खळखळणे, खदखदणे, रटरटणे अशी किती क्रियापदे आहेत पाहा. पण पाणी तापले आहे नि उकळत नाही, या अवस्थेला आमच्या भाषेने धड नाव दिले नाही. कारण उघड आहे: आपल्याला कढ आल्याशिवाय शिजल्याचा विश्वासच वाटत नाही. मटणाला तो कढ हवा. माशाचे मांस साठ-पासष्ट अंशांवरच शिजते. वर गेले की रस सोडून चिवट होते. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसावेत, बस्स. आठ-दहा मिनिटांत मांस पांढरे होऊन काट्यापासून सुटते. वरून चिरलेली पात आणि लिंबू. सोबत ज्वारीची भाकरी. ती या पातळ रश्श्यात चुरावी.

अर्थात हे सारे तळ्यात पाणी असेल तर. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या गाडीची छायाचित्रे सर्वत्र झळकली. धरणावर पोट असलेल्या भोयांची जाळीही त्याच पाण्यावर चालतात, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आले. पाण्याची गाडी येते, माशांची कोण आणणार?

यंदा पाणी असेल तर मरळ जिवंतच पाहून घ्यावी. ती वरची हवा घेऊन जगते, त्यामुळे ओल्या पाटीतही बराच वेळ वळवळत असते. तुकडे मात्र तिथेच करून मागावेत. घरी जिवंत आणली तर ती बुळबुळीत मरळ विळीवर धरायची कुणी, यावरून घरात भांडण ठरलेले.