दोन पाळ्यांच्या मधला डाग : एक जाहीरनामा

मराठी बाई दोन गोष्टी एकाच शब्दाने सांगते. रक्त जातं तेव्हा ती म्हणते, ‘अंगावरून जातंय’. आणि ते सोसते तेव्हा म्हणते, ‘अंगावर काढतेय’. पाळी संपून आठवडा झालेला, पुढची पाळी अजून लांब, आणि परकरावर डाग. ती तो धुते. पुढच्या महिन्यात पुन्हा दिसतो, पुन्हा धुते. सासू म्हणते, उष्णता झाली असेल. दवाखान्यात बाप्या डॉक्टर असला तर ती ‘कंबर दुखते’ एवढंच सांगून गोळ्या घेऊन येते. सोसवेनासं झालं की कुणीतरी तिला सुचवतं, पिशवी काढून टाका.

अंगावर काढायचं, नाहीतर पिशवी काढायची. या दोन काढण्यांच्या मधली वाट तिला कुणी दाखवलेलीच नाही. आम्ही त्या वाटेवर उभे आहोत.

हे दुखणं नवं नाही आणि लपलेलंही नाही. १९८९ साली राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा हिशोब आला. पाहणी झालेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. गडचिरोलीत तपासणीच नाही, बीडमध्ये थेट शस्त्रक्रिया.

फडावरच्या बाईला आम्ही दोष देत नाही. उचल घेतलेली असते, कोयता नवराबायकोच्या जोडीचा असतो, एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा लागतो. आडोसा नाही, पाणी नाही. अशा ठिकाणी कधीही येणारं रक्त म्हणजे मजुरीवरचा घाला. पिशवी गेली की कटकट मिटली, हा हिशोब तिने एकटीने मांडलेला नाही. मुकादमाने, दवाखान्याने आणि आपल्या सगळ्यांच्या गप्प बसण्याने तो तिच्यासाठी मांडून ठेवला होता. पिशवी काढणं कधीकधी खरोखर गरजेचं असतं. पण ते शेवटचं पाऊल असतं. सोबत बीजकोषही काढले तर तिशीतल्या बाईला पाळी जाण्याचं वय एका दिवसात गाठतं, आणि हाडं आधीच ठिसूळ व्हायला लागतात.

आम्ही मानतो की मधला डाग हा निरोप आहे, आणि निरोप वाचता येतो.

तो दर वेळी वाईट नसतो. बीज सुटण्याच्या सुमाराला, पाळीच्या साधारण मधोमध, संप्रेरक थोडं खाली येतं आणि एखादा दिवस डाग पडतो. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सुरू केल्या, मधेच एखादी चुकली, तांबी बसवली किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतलं, तर सुरुवातीचे काही महिने रक्त कधीही डोकावतं. थायरॉईड बिघडलं की पाळीचं गणित बिघडतं. पिशवीच्या आत लहानसा कोंब वाढलेला असू शकतो, फायब्रॉइडची गाठ असू शकते, जंतुसंसर्ग असू शकतो. यांतल्या बहुतेकांवर औषध आहे किंवा छोटा उपचार आहे.

काही निरोप मात्र तातडीचे असतात. संबंधानंतर रक्त जात असेल तर गर्भाशयाचं तोंड तपासलंच पाहिजे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी दुखत नाही म्हणून तो सोडून द्यायचा नाही. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळ आणि चक्कर, तर गर्भ नळीत राहिला असण्याची भीती असते. तिथे उद्याची वाट बघायची नसते. तासातासाला पॅड भिजत असेल तेव्हाही नाही.

आणि आम्ही मानतो की गावागावात तपासणी करणं आपल्या मातीत करून दाखवलेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये सव्वा लाखाहून अधिक बायकांना सामावून एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. ज्या गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, चाचणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यांतल्या बायका तपासणीला आल्या. ‘आमच्या बायका लाजतात’ हे कारण तेव्हापासून आम्ही ऐकून घेत नाही.

म्हणून आता आम्ही कामाला लागतो आहोत.

भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा खाडा लिहिला जातो, गॅसची टाकी लिहिली जाते. त्याच चौकटीत आम्ही पाळीची तारीख लिहू : आली कधी, गेली कधी, मधे डाग किती दिवस, संबंधानंतर का. तीन महिन्यांचं हे पान हातात असलेली बाई डॉक्टरपुढे ‘कंबर दुखते’ म्हणत नाही. घरातल्या पुरुषांनी ते पान बघितलं तर बघू दे, बघायलाच हवं.

पिशवी काढायला सांगितलेल्या प्रत्येक बाईसोबत आमच्यातली एक जण जाईल आणि विचारेल : आजार कोणता? सोनोग्राफीत काय दिसलं? आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का? औषधाने किंवा संप्रेरकाच्या तांबीने भागेल का? बीजकोष ठेवणार ना? उत्तर मिळेपर्यंत सही नाही. आरोग्य केंद्रात तिशीनंतर दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी व्हायला हवी. ती होते का, कोणत्या वारी होते, हे आम्ही आशाताईंना बरोबर घेऊन गावोगाव विचारू. साखर कारखान्यांकडे आम्ही मागू : फडाजवळ पाणी, आडोसा, आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा नाही.

दसरा झाला की टोळ्यांच्या गाड्या भरायला लागतात. त्याआधी आम्ही तांड्यांवर आणि वस्त्यांवर जाऊन बसणार आहोत, संध्याकाळी, चूल विझल्यावर. कॅलेंडर आणि पेन्सिल आम्ही आणू. तुम्ही फक्त मागची तारीख आठवून या.