हंगाम आठ सामन्यांचा, धोका ऑगस्टचा: कॅनडातलं विद्यापीठ फुटबॉल आणि मेंदूला बसणारा हादरा

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी किंग्स्टनच्या रिचर्डसन स्टेडियमवर लाव्हाल विद्यापीठाने विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाला २२-१७ असं हरवलं आणि व्हॅनिए चषक बाराव्यांदा जिंकला. साखळीत एकही सामना न गमावलेला लॉरिएचा संघ शेवटच्या दिवशी हरला. क्रीडापानांच्या दृष्टीने हंगाम तिथे संपला. डॉक्टरांच्या दृष्टीने हंगामाचा हिशेब वेगळा असतो. त्यात शेवटच्या सामन्यापेक्षा पहिल्या सामन्याच्या आधीचे आठवडे जास्त महत्त्वाचे ठरतात.

तुमचा मुलगा, भाचा किंवा पुतण्या ऑन्टारियोत किंवा क्युबेकमध्ये शिकत असेल आणि एक दिवस फोनवर म्हणाला, "मी टीममध्ये आहे", तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी खेळाविषयी थोडं. हे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड आणि समोरच्याला अंगावर जाऊन पाडणं, असा हा अमेरिकन फुटबॉलचा भाऊबंद. कॅनडात एका बाजूला अकराऐवजी बारा खेळाडू असतात, मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद असतं आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी मिळतात. संधी कमी असल्यामुळे चेंडू लाथाडून लांब पाठवण्याची वेळ वारंवार येते. अमेरिकेत तो झेलणारा खेळाडू हात वर करून "मी पळणार नाही, मला धडकू नका" असं सांगू शकतो. कॅनडाच्या नियमांत ही सोय नाही. चेंडू त्याच्या हाती येईपर्यंत बाकीच्यांनी पाच यार्ड दूर राहायचं, एवढंच. त्यानंतर मोकळ्या मैदानातून वेगाने आलेली माणसं त्याच्यावर आदळतात.

देशभरातल्या २७ विद्यापीठांचे संघ चार विभागांत खेळतात. ऑगस्टच्या अखेरीस सामने सुरू होतात, साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला आठ सामने येतात आणि बाद फेरी नोव्हेंबरमध्ये होते. हा आठचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

कन्कशन म्हणजे काय आणि काय नाही

डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी युजवेंद्र चहल गोलंदाजीला आला, तेव्हा आपल्याकडे अनेक घरांत "कन्कशन" हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला. डोक्याला, मानेला किंवा अंगाला बसलेल्या धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हलतो आणि त्याचं कामकाज काही काळ विस्कळीत होतं. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, विचार मंदावतो, झोप बिघडते, चिडचिड होते. शुद्ध हरपलीच पाहिजे असं मुळीच नाही; बहुतेकांची हरपत नाही.

दोन गैरसमज मला वारंवार ऐकू येतात. पहिला हेल्मेटचा. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. आतल्या मेंदूचं हलणं ते थांबवू शकत नाही. दुसरा स्कॅनचा. सीटी स्कॅन मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, हे पाहण्यासाठी काढतात. कन्कशनमध्ये तो सहसा अगदी स्वच्छ येतो. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे" याचा अर्थ "त्याला काही झालेलं नाही" असा होत नाही. आपल्याकडे नातेवाइकांचा स्कॅनवर एवढा विश्वास असतो की डॉक्टरांनी तपासून, प्रश्न विचारून केलेलं निदान त्यांना अपुरं वाटतं. इथे मात्र तेच खरं निदान असतं.

सामन्यापेक्षा सराव

अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांच्या ६५८ फुटबॉल खेळाडूंचा २०१५ ते २०१९ या काळातला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळपास ७२ टक्के कन्कशन सरावात झाल्या होत्या, सामन्यांत नव्हे. हंगामपूर्व सराव हा हंगामाचा जेमतेम पाचवा हिस्सा, पण सुमारे ४८ टक्के कन्कशन त्या काळातल्या होत्या. कारण समजायला कठीण नाही. ऑगस्टच्या शिबिरात संघातली जागा अजून पक्की झालेली नसते. नवा मुलगा प्रशिक्षकाच्या डोळ्यांत भरण्यासाठी प्रत्येक धडक जीव खाऊन देतो, आणि त्याच्यासमोरचाही तेच करत असतो. त्यात उन्हाळ्याची, पॅड-हेल्मेटच्या आतल्या उकाड्याची भर. हा अभ्यास अमेरिकेतला असला तरी ऑगस्टच्या शिबिराची पद्धत कॅनडातही आहे, आणि जागेसाठीची चुरसही.

यातली चांगली बाजू अशी की सराव हा माणसाच्या हातातला भाग आहे. कॅनडाच्या व्यावसायिक लीगने, म्हणजे सीएफएलने, २०१७ मध्ये हंगाम सुरू असताना पॅड घालून होणारे सराव बंद केले. नियम बदलल्याने फरक पडतो याचा पुरावाही आहे. अमेरिकेच्या आयव्ही लीगने २०१६ मध्ये सुरुवातीची किक पाच यार्ड पुढून मारायला लावली, जेणेकरून चेंडू घेऊन परत पळण्याचे प्रसंग कमी व्हावेत. अशा दर हजार किकमागे होणाऱ्या कन्कशन सुमारे ११ वरून २ वर आल्या. नुसत्या पाच यार्डांचा हा फरक आहे! तेव्हा मुलाला "जपून खेळ" असं सांगण्यापेक्षा "आठवड्यात किती सराव पूर्ण धडकेचे असतात?" असं विचारा. पहिल्या वाक्याला तो "हो" म्हणेल आणि विषय संपेल.

आठ सामन्यांचं गणित

तरुण प्रौढ खेळाडूला कन्कशनमधून बरं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, काहींना महिनाभर किंवा जास्त. दोन आठवडे म्हणजे दोन सामने, म्हणजे साखळीचा चौथा हिस्सा. त्यात जागा दुसऱ्याला मिळाली तर परत मिळेलच असं नाही. वीस वर्षांच्या मुलाने "मला काही होत नाहीये" असं का म्हणावं, हे या गणितात स्पष्ट दिसतं. तो खोटारडा नसतो. त्याच्यापुढचा हिशेबच तसा मांडलेला असतो.

पण मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला, तर लक्षणं लांबतात आणि क्वचित प्रसंगी, विशेषतः कमी वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जातो. ओटावाची रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी फुटबॉल नव्हे तर रग्बी खेळायची, शाळेच्या संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये आठवडाभराच्या आत लागोपाठ डोक्याला मार बसून ती गेली. आपल्याला कन्कशन झालं असावं अशी शंका तिला आली होती, तिने त्याविषयी इंटरनेटवर शोधलंही होतं. मोठ्यांपर्यंत ते पोहोचलं नाही. तिच्या मृत्यूच्या चौकशीतून ऑन्टारियोत २०१८ मध्ये "रोवन्स लॉ" हा कायदा झाला. त्यानुसार शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचं, आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या परवानगीशिवाय पूर्ण सरावात किंवा सामन्यात घ्यायचं नाही. तो विद्यापीठांनाही लागू आहे. म्हणजे मुलाने तोंड उघडलं तर कायदा त्याच्या बाजूला आहे. तोंड उघडणं मात्र कायद्याच्या हातात नाही.

इथे तुमचा उपयोग होतो. प्रशिक्षकाला दिसत नाही ते आईला फोनवर ऐकू येतं: तीच गोष्ट दोनदा सांगणं, शब्द न सुचणं, विनाकारण वैतागणं, दुपारभर झोपणं. किंग्स्टनला शनिवारी दुपारी एकचा सामना असेल तर सप्टेंबरमध्ये आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. त्यामुळे मराठी घरांत चौकशीचा फोन बहुधा रविवारी होतो. शंका असेल तर तेवढी वाट पाहू नका. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, हातापायात अशक्तपणा, एकाचं दोन दिसणं, मानेत तीव्र वेदना, जागं करणं कठीण होणं किंवा गोंधळ वाढणं, यांतलं काहीही असेल तर त्याच्या खोलीतल्या मित्राला ९११ ला फोन करायला सांगा.

मग किती दिवस विश्रांती?

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायचं, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनंतरची शिफारस अशी: पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती, मोबाइलचा पडदा कमीत कमी, मग चालण्यासारखा सौम्य व्यायाम. पुढे पायरी पायरीने वाढवत, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस देत सहा टप्प्यांत खेळाकडे परतायचं. वर्गात बसणं आणि अभ्यास पूर्ववत जमणं हे धडकेच्या सरावाच्या आधी यायला हवं. या काळात दारू नको, गाडी चालवणं नको. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत डोकेदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. लागलीच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

शेवटी त्या भीतीविषयी, जी तुम्ही बातम्यांत वाचली असेल. वारंवार मार बसलेल्या मेंदूत कालांतराने होणाऱ्या ऱ्हासाला सीटीई म्हणतात. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या २०२ फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १७७ मध्ये सीटीई आढळला. आकडा हादरवणारा आहे, पण ज्यांना हयातीत त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दान करण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे "खेळणाऱ्या दहापैकी नऊ जणांना होतो" असा त्याचा अर्थ काढू नका. मुलाने खेळ सोडावा का, हा प्रश्न एखाद्या कन्कशननंतर आपोआप उभा राहत नाही. पण आधीपेक्षा कमी मार बसूनही लक्षणं येऊ लागली, प्रत्येक वेळी बरं व्हायला जास्त दिवस लागू लागले किंवा परीक्षेचे निकाल घसरले, तर तो प्रश्न पुढच्या ऑगस्टच्या शिबिराआधी डॉक्टरांसमोर बसून विचारावा.