ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल कारमध्ये टाकू नका

आजची नोंद कपाशीची नाही, अंगणातल्या लहान गाडीची आहे. आता आपल्या रोहण्याकडे बऱ्याच घरी सेकंडहँड अल्टो नाहीतर वॅगनआर उभी दिसते. ऑइल मात्र आपण ट्रॅक्टरच्याच हिशोबानं टाकतो.

माझी चूक आधी सांगतो. मागच्या हिवाळ्यात ट्रॅक्टरचं ऑइल बदललं. दहा लिटरच्या कॅनमध्ये तीनेक लिटर १५डब्ल्यू-४० उरलं. मिस्त्री म्हणे, "भाऊ, आपल्या इकडं ऊन किती तापते, जाड ऑइलच बरं." मलेही पटलं. दिलं कारमध्ये टाकून.

जानेवारीत एका पहाटे मायले सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सेल मारला, तर इंजिन नुसतं टक-टक करे. पोहोचलो, पण रस्ताभर जीव टांगणीला. घरी येऊन गाडीची पुस्तिका उघडली, तर त्यात ५डब्ल्यू-३० लिहिलेलं. तेच टाकलं, आवाज गेला. तीन लिटर वाचवायला गेलो अन् दोनदा खर्च केला.

आता आकडे समजून घ्या. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावरची, १०० अंशाची जाडी. ४० हे ३० पेक्षा जाड. इंजिनची जास्त झीज होते ती सुरू करतानाच, ऑइल वरपर्यंत पोहोचायच्या आधी. जाड ऑइल तिथंच उशीर करते.

अन् उन्हाचं म्हणाल, तर मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते हे खरं. पण आतलं ऑइल तसंही शंभराच्या आसपास तापते. इंजिनची गरमी थर्मोस्टॅट अन् पंखा सांभाळतात. कंपनीनं हे सारं धरूनच ग्रेड ठरवलेला असते.

डब्यावर आणखी एक खूण पाहा. एपीआयपुढं एसएन, एसपी असेल तर ते पेट्रोल गाडीचं. सीआय-४ सारखं 'सी'चं अक्षर डिझेल इंजिनचं. डिझेलच्या ऑइलमध्ये बहुधा फॉस्फरस जास्त असते. ते जळून पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग खराब होऊ शकते. तो भाग स्वस्त नाही.

जुन्या मारुती ८०० ची गोष्ट वेगळी. तिच्यात २०डब्ल्यू-४० चालत आलं, म्हणून नव्या गाडीत चालेल असं नाही. घासलेलं इंजिन ऑइल खात असेल, तर जाड ऑइलनं थोडे दिवस निघतात, पण दुखणं जात नाही.

गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल बदला. पुस्तिकेत किलोमीटर अन् महिने दोन्ही असतात, जे आधी होईल ते धरा. शेतरस्त्याच्या धुळीत त्याहून लवकर. पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पाहा. वरच्या खुणेच्या पुढं भरू नका.

खताच्या पोत्यावरचं १०:२६:२६ आपण बरोबर वाचतो. २०:२०:०:१३ त्याच्या जागी चालेल का, हेही विचारतो. मग ऑइलच्या डब्यावरचा आकडा का वाचू नये? मिस्त्री अनुभवी असते, त्याचा मान ठेवा. पण ग्रेड पुस्तिकेतलाच सांगा, अन् डबा तुमच्यासमोर फोडायला लावा.

तुमच्या गाडीत कोणतं ऑइल आहे, आजच पाहून घ्या.