शिबिराच्या फलकावर ‘सर्वांना प्रवेश’. पण स्वमग्न मुलांचं काय?

सोलापूर : वार्षिक परीक्षा संपत आल्या की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, बाजारपेठेत, शाळांच्या कंपाउंडवर उन्हाळी शिबिरांचे फ्लेक्स लागतात. कराटे, पोहणे, अबॅकस, हस्ताक्षर, क्रिकेट, संस्कार वर्ग. फ्लेक्सवर वयोगट असतो, वेळ असते, फी असते, खाली दोन मोबाईल नंबर असतात. एक गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली नसते. ज्या मुलाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, त्याला इथं घेणार का?

पालक फोन करतात तेव्हा साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, ‘तशी मुलं आम्ही घेत नाही.’ दुसरं, ‘पाठवा की, काही अडचण नाही.’ पहिलं उत्तर जिव्हारी लागतं. पण जास्त सावध व्हायला हवं ते दुसऱ्या उत्तरानं. कारण मुलाबद्दल एकही प्रश्न न विचारता जो ‘पाठवा’ म्हणतो, त्यानं त्या मुलासाठी काहीच तयारी केलेली नसण्याची शक्यता मोठी असते.

सुट्टी सगळ्यांची सारखी नसते

इतर मुलांना सुट्टी म्हणजे मोकळीक. स्वमग्न मुलाला मात्र रोजचा ठरलेला क्रम हा आधार असतो. सकाळी उठणं, तोच रस्ता, तीच शाळा, तीच जागा, त्याच बाई. मे महिना लागला की हा क्रम एका दिवसात तुटतो आणि जूनच्या मध्यापर्यंत तुटलेलाच राहतो. झोप बिघडते, चिडचिड वाढते, वर्षभरात जमलेल्या काही गोष्टी मागे पडतात. शाळा उघडल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यातच मे महिन्याचं ऊन. पारा चाळिशीच्या वर. आई-वडील रानात नाही तर कामावर, मूल आजी-आजोबांपाशी. बऱ्याच घरांत मग दार लावून घेणं आणि हातात मोबाईल देणं, एवढाच उपाय उरतो. त्यात आई-वडिलांचा दोष काढण्यात अर्थ नाही. दुसरी सोयच नसते.

हा प्रश्न चार-दोन घरांचाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात साधारण दर १२७ माणसांमागे एकाला स्वमग्नता आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजारांवर होती. तोच हिशेब इथं लावला, तर लहानमोठे धरून हा आकडा ३४ हजारांच्या आसपास जातो. हा ढोबळ हिशेब आहे, मोजणी नव्हे. तरी तो एक गोष्ट सांगतो. गावात ज्यांना ‘हट्टी’, ‘मुका’, ‘डोक्यानं कमी’ म्हणून बाजूला सारलं जातं, त्यांतली काही मुलं स्वमग्न असणार आणि त्यांच्या घरच्यांना ते माहीतही नसणार.

पहिला प्रश्न पाण्याचा

शिबिर निवडताना पालक आधी फी आणि वेळ बघतात. स्वमग्न मुलाच्या बाबतीत पहिली चौकशी वेगळी हवी : आजूबाजूला पाणी कुठं आहे, आणि मूल नजरेआड झालं तर कळणार कसं?

यामागे कारण आहे. यातली अनेक मुलं अचानक चालू लागतात. आवाज सहन झाला नाही म्हणून, किंवा आवडती वस्तू दिसली म्हणून. हाक मारली तर ओ देत नाहीत. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वमग्न मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांनी चौथ्या वर्षानंतर एकदा तरी असं निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. अशा प्रसंगांत बुडण्याचा धोका सर्वांत मोठा मानला जातो.

आता हे आपल्या तालुक्यांत आणून बघा. सांगोल्यात डाळिंबाच्या बागांना शेततळी, माढा-पंढरपूर भागात उजनीचे कालवे, गावोगाव बिनकठड्याच्या विहिरी. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. त्यावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. शिबिर शेतावर, मंगल कार्यालयात किंवा गावाबाहेरच्या शाळेत असेल, तर पालकांनी आधी एकदा त्या जागेभोवती फेरी मारावी. कंपाउंड आहे का? फाटक लागतं का? फाटकावर माणूस असतो का? ही फेरी दहा मिनिटांची आहे आणि फुकट आहे.

‘कोण बघणार?’ याला नाव हवं

दुसरा प्रश्न माणसाचा. ‘आमचे सगळे सर लक्ष देतात’ हे उत्तर पुरेसं नाही. सगळ्यांचं लक्ष म्हणजे कुणाचंच नाही. त्या मुलापाशी अमुक ताई किंवा अमुक दादा असतील, असं एक नाव मिळायला हवं. आणि शिबिर सुरू होण्याआधी त्या माणसाची मुलाशी एक-दोनदा गाठ पडायला हवी.

हा माणूस फार शिकलेला असलाच पाहिजे असं नाही. शांत असावा, आवाज चढवणारा नसावा, सांगितलेलं लक्षात ठेवणारा असावा. पण ‘आमच्याकडे विशेष शिक्षक आहेत’ असा दावा फलकावर असेल, तर त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. विशेष शिक्षकांना ही नोंदणी लागते आणि क्रमांक विचारण्यात गैर काही नाही.

आणखी एक गोष्ट पालक विचारायला संकोचतात. पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार, मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची असते. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी सगळे त्यात आले. जे मूल घरी येऊन काय झालं ते सांगू शकत नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. मूल शौचालयाला कुणाबरोबर जाणार, हेही स्पष्ट विचारून घ्यावं.

आवाज, ऊन, खाणं

लग्नाच्या वरातीत डीजे लागला की कानावर हात ठेवून किंचाळणारं मूल अनेकांनी पाहिलं असेल. लोक म्हणतात, लाडावलंय. पण त्याच्या कानाला तो आवाज खरोखरच सोसत नाही. कुणाला ट्यूबलाइटची फडफड सोसत नाही, कुणाला अंगाला झालेला अचानक स्पर्श. अशा वेळी मुलाचा ताबा सुटतो. तो हट्ट नसतो. हट्ट मागितलेली वस्तू मिळाली की थांबतो. हे थांबत नाही. ओरडून किंवा धरून ठेवून तर आणखी वाढतं.

म्हणून शिबिरात एक शांत कोपरा लागतो. वर्गाची रिकामी खोली, सतरंजी आणि पंखा एवढंही चालतं. मूल तिथं केव्हाही जाऊन बसू शकेल आणि त्याला कुणी ओढून आणणार नाही, एवढी हमी हवी. लाउडस्पीकरवर शिट्ट्या आणि गाणी दिवसभर चालणार असतील, तर ते शिबिर कितीही नावाजलेलं असलं तरी या मुलासाठी नाही.

उन्हाचंही तसंच. तहान लागली, चक्कर येतेय, हे काही मुलांना सांगता येत नाही. ‘मागेल तेव्हा पाणी’ हा नियम त्यांना उपयोगाचा नाही. ठरलेल्या वेळी पाणी पाजायला हवं. सकाळी सात ते दहाचं शिबिर दुपारच्या शिबिरापेक्षा केव्हाही बरं. काही मुलं दोन-तीनच पदार्थ खातात. त्यांना घरचा डबा चालेल का, हे विचारावं. ‘सगळ्यांबरोबर खायची सवय लावू’ अशी जबरदस्ती नको. मुलाला फिट येत असेल किंवा औषध चालू असेल, तर ते लिहून द्यावं.

पालकांनी काय द्यायचं

सगळा भार आयोजकांवर टाकूनही चालत नाही. पालकांनी एका कागदावर मुलाची माहिती लिहून द्यावी : काय आवडतं, कशाची भीती वाटते, चिडण्याआधी काय करतो, शांत कशानं होतो, पाणी किंवा शौचालय हवं असेल तर कसं सांगतो, कुठल्या नावानं हाक मारली तर बघतो. एक पान पुरे. शर्टाच्या आतल्या बाजूला नाव आणि मोबाईल नंबर शिवावा.

दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावला, तर मुलाला पुढं काय होणार ते कळतं. प्रार्थना, चित्रकला, खाऊ, खेळ, घर. पाच चित्रं. याला पैसा लागत नाही, आणि बाकीच्या लहान मुलांनाही ते आवडतं.

पहिल्याच वर्षी निवासी शिबिर मात्र टाळलेलं बरं. आधी दोन-तीन दिवस तासभर, आई किंवा आजी जवळ बसून. जमलं तर वेळ वाढवायचा. नाही जमलं तर थांबायचं. उरलेली फी परत मिळेल का, हे पैसे भरण्याआधीच ठरवून घ्यावं.

इथून मागं फिरावं

काही बोलणी ऐकली की पालकांनी तिथंच थांबावं. ‘आम्ही शिस्त लावतो’ म्हणजे बहुधा मार किंवा दम. ‘पालकांनी आत यायचं नाही’ म्हणजे लपवण्यासारखं काही असू शकतं. आणि ‘पंधरा दिवसांत बरा करतो’ हे तर सरळ खोटं. स्वमग्नता हा ताप नव्हे की उतरेल. शिकवण्यानं आणि सरावानं मुलाचं बोलणं, वागणं, स्वतःचं स्वतः करणं सुधारतं, पण त्याला वर्षं लागतात. मुलाचे फोटो जाहिरातीसाठी वापरणार का, हेही विचारून ठेवावं.

हक्क आहे, पैसाही आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि खेळ-करमणुकीची संधी इतरांइतकीच द्यायची, असं हा कायदा सांगतो. म्हणजे मान्यताप्राप्त शाळेनं स्वतःचं शिबिर घेतलं, तर ‘तशी मुलं घेत नाही’ म्हणण्याची सोय तिला नाही.

पैशाचं म्हणाल, तर ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक गावांत हा पैसा वर्षाच्या शेवटी घाईघाईनं वाटला जातो. त्यातून गावातल्या दोन-चार मुलांसाठी पंधरा दिवसांची सोय बसते का, हे ग्रामसभेत विचारायला हवं आणि उत्तर लेखी मागायला हवं. त्यासाठी मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड लागेल. ते नसेल तर काम तिथून सुरू करावं. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून पुढच्या तपासणीसाठी पाठवून घेता येतं. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही स्वमग्न व्यक्तींसाठी आहे.

लहान शिबिर, ओळखीची माणसं

खास स्वमग्न मुलांसाठीची शिबिरं मोठ्या शहरांत होतात. करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूर गाठायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर, पुण्याचं तर बोलायलाच नको. रोज एवढा प्रवास मुलालाही झेपत नाही आणि घरच्यांनाही.

त्यामुळं तालुक्यांसाठी व्यवहार्य वाट एकच दिसते. गावच्याच शाळेत, आठ-दहा मुलांचं, सकाळच्या दोन तासांचं शिबिर. त्यात एक-दोन स्वमग्न मुलं, बाकी शेजारपाजारची, ओळखीची. एखादी अंगणवाडी ताई किंवा डी.एड. झालेली गावातली मुलगी मानधनावर. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळा सुटण्याआधीच गाठून दोन दिवसांचं मार्गदर्शन घ्यावं. एकदा सुट्टी लागली की मग कुणी भेटत नाही.

अशा शिबिराचा फायदा एकट्या त्या मुलाला नसतो. शेजारच्या मुलांना कळतं की हा बोलत नाही, पण चित्र बघून सगळं समजतो. याला मिठी नको असते, पण झोपाळ्यावर शेजारी बसलेलं चालतं. जूनमध्ये हीच मुलं त्याच्याबरोबर वर्गात असतात. पुढं कधी तो एकटाच कालव्याच्या वाटेनं चालताना दिसला, तर त्याला ओळखून परत आणणारीही हीच.