लाठीच्या भरवशावर किती काळ?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी घट्ट धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्यांच्यापाशी शस्त्र म्हणून होती ती केवळ लाठी! राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. पण हौतात्म्याला वंदन करताना व्यवस्थेच्या उणिवांवर पांघरूण घालणे, हा त्या हुतात्म्याचा अवमानच होय.

पोलीस हा राज्यसूचीतील विषय. तरीही राज्यांच्या पोलीस दलांचे आधुनिकीकरण व्हावे, यासाठी केंद्राने १९६९-७० पासून अर्थसाहाय्याची योजना राबविली. मात्र आधीच्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याखेरीज पुढचा हप्ता पदरात पडत नाही. खरी मेख इथेच आहे. प्रस्ताव उशिरा धाडायचे, निविदा रेंगाळत ठेवायच्या, हिशेब अपुरे द्यायचे आणि मग दिल्लीकडे बोट दाखवायचे, हे कुठवर चालणार?

अनुदान मागण्यात कमीपणा नाही. परंतु त्या मागणीचा आरंभ मंत्रालयात नव्हे, पोलीस ठाण्यात व्हावयास हवा. बिनतारी संच हवा, वाहन हवे की बुलेटप्रूफ जाकीट, हे गस्तीवरच्या शिपायाला आधी विचारा. साधने आली की त्यांच्या वापराचे प्रशिक्षण आणि देखभालीची तरतूदही त्याच प्रस्तावात असू द्या. आपल्या ठाण्यासाठी काय मागितले, काय मिळाले आणि किती खर्ची पडले, हा जाब नागरिकांनीही लोकप्रतिनिधींना विचारला पाहिजे. पुढच्या ओंबळ्यांना नुसत्या लाठीनिशी उभे करण्याचा अधिकार कोणालाही नाही.